खांबावरचा दिवा, देवळातली वटवाघळं आणि चार पर्याय

आधी प्रश्न वाचा. परीक्षेत अशा प्रश्नाला जेमतेम दीड-दोन मिनिटं मिळतात. इथे घड्याळ नाही, तेव्हा सावकाश वाचा.

«वाशीम जिल्ह्यातल्या केनवड गावात तीन वर्षांपूर्वी मुख्य रस्त्यावर पांढरे एलईडी पथदिवे बसवले. तेव्हापासून दिव्यांभोवती उडणारी वटवाघळं पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त दिसू लागली आहेत. याच काळात गावाबाहेरच्या पडक्या देवळातली वटवाघळं मात्र जवळजवळ दिसेनाशी झाली. यावरून ग्रामपंचायतीच्या एका सदस्याने निष्कर्ष काढला : देवळातली वटवाघळं किड्यांच्या ओढीने गावात आली आहेत, परिसरातली त्यांची एकूण संख्या काही घटलेली नाही.

पुढीलपैकी कोणतं विधान खरं असेल तर हा निष्कर्ष सर्वांत जास्त कमकुवत होईल?

(1) अंधाऱ्या जागांपेक्षा पथदिव्यांभोवती कितीतरी जास्त किडे असतात.
(2) या भागातल्या वटवाघळांची मादी वर्षातून एकदाच विते आणि एकच पिल्लू देते.
(3) दिवे लागल्यापासून गावातली माणसं रात्री रस्त्यावर जास्त वेळ बसू लागली आहेत.
(4) देवळातली वटवाघळं उजेड टाळणाऱ्या जातीची होती. दिव्यांभोवती उडणारी दुसऱ्या जातीची आहेत आणि ती पूर्वीपासून गावातल्या घरांच्या फटींत राहतात.»

केनवड खरं आहे, रिसोड तालुक्यात आहे. देऊळ, सदस्य आणि तीन वर्षांचा हिशेब मात्र प्रश्नापुरता रचलेला. अशा प्रश्नांना इंग्रजी परीक्षांच्या जगात ‘क्रिटिकल रीझनिंग’ म्हणतात आणि परदेशात व्यवस्थापन शिकायला निघालेली मुलं ते वर्षानुवर्षं सोडवत आली आहेत. आपल्याकडे ते तालुक्याच्या अभ्यासिकांपर्यंत पोचले ते सीसॅटमुळे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 मध्ये पूर्वपरीक्षेत हा पेपर आणला, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत तो 2013 पासून आला. केंद्राच्या परीक्षेत 2015 पासून तो 33 टक्क्यांपुरता, नुसता पात्रतेचा झाला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला ते थोडं खटकतं. कारण त्या पेपरातला हाच भाग असा आहे, जो नोकरी लागो न लागो, रोज वर्तमानपत्र वाचताना कामी येतो.

अशा प्रश्नात मुलं चुकतात ती एकाच ठिकाणी : पर्यायांवर तुटून पडतात. आधी उतारा मोडून घ्यायचा असतो. वरच्या उताऱ्यात डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी दोनच. दिव्यांखाली वटवाघळं जास्त दिसतात, देवळात कमी दिसतात. बाकीचं सगळं सदस्याचं. ‘तिकडची इकडे आली’ हे कुणी पाहिलेलं नाही. एका वहीत वजाबाकी, दुसरीत बेरीज, म्हणून माल इकडून तिकडे गेला असं त्याने मानलं. आता हे मानताना त्याने न बोलता काय गृहीत धरलं ते शोधायचं. दोन्ही ठिकाणची वटवाघळं एकाच जातीची आहेत, हे पहिलं. ‘जास्त दिसली’ म्हणजे ‘जास्त झाली’, हे दुसरं. आणि देवळातून ती जायला दिव्यांखेरीज दुसरं कारण नव्हतं, हे तिसरं. निष्कर्ष कमकुवत करायचा म्हणजे यातल्या एखाद्या गृहीतकाचा पाय काढायचा. ज्या पर्यायाने इमारत जास्त कोसळते तो बरोबर.

आता पर्याय घ्या. पहिला सदस्याला मदतच करतो : खाणं दिव्यापाशी आहे, म्हणून खाणारे तिथे आले. कमकुवत करणारं विधान मागितलं असताना बळकटी देणारं विधान पहिल्याच क्रमांकावर ठेवायचं, ही प्रश्न काढणाऱ्यांची जुनी खोड आहे. वाचणाऱ्याला ते ‘खरं’ वाटतं आणि खरं वाटलं की बोट तिकडे जातं. पण विचारलंय ते वेगळंच.

दुसरा पर्याय जास्त लबाड. ‘वर्षाला एकच पिल्लू’ वाचून वाटतं, मग संख्या कशी वाढेल, म्हणजे सदस्य चुकला. थोडं थांबा. सदस्य वाढ झाली असं म्हणतच नाही. तो म्हणतो स्थलांतर झालं. पैदास जर इतकी मंद असेल, तर तीन वर्षांत दिव्यांखाली दिसणारी गर्दी जन्मलेल्या पिल्लांची असू शकत नाही, ती बाहेरूनच आलेली असणार. म्हणजे हा पर्यायही सदस्याच्याच बाजूने साक्ष देतो.

इथे जीवशास्त्र शिकलेली मुलगी हात वर करेल : सर, पण सगळी वटवाघळं वर्षाला एकच पिल्लू देत नाहीत. तिचं म्हणणं बरोबर आहे. नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननावर कित्येक वर्षं काम केलं. या विषयावर जगात कुठेही लिहिलं तरी या नागपूरकरांचे निबंध उघडावे लागतात. जातीजातींत फरक मोठा आहे. गुहांत, देवळांत लटकणाऱ्या बऱ्याच जातींत वर्षाला एक वीण आणि एक पिल्लू. घराच्या फटीत राहणाऱ्या छोट्या पिपिस्ट्रेलना मात्र जुळी होतात आणि वर्षातून एकाहून जास्त वेळा वीण होऊ शकते. पण परीक्षेचा नियम वेगळा आहे. पर्याय ‘खरा असेल तर’ काय होईल एवढंच विचारलंय, पर्यायाशी भांडायचं नाही. बाहेरच्या जगात मात्र भांडलंच पाहिजे, आणि म्हणून पुढचा निम्मा लेख परीक्षेबाहेरचा आहे.

तिसरा पर्याय मला सगळ्यांत आवडतो. माणसं रात्री रस्त्यावर जास्त वेळ बसू लागली, याचा वटवाघळांशी काय संबंध? संबंध आहे. पूर्वी अंधारात उडणारं वटवाघूळ दिसत नव्हतं, बघायलाही कुणी नव्हतं. आता दिवा आहे, दिव्याखाली माणसं आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरून काहीतरी फडफडत जातंय. वटवाघळं होती तेवढीच असतील. पाहणारे डोळे वाढले. हा पर्याय पुराव्याच्या अर्ध्या भागाला नक्की भोक पाडतो. पण देवळातली घट तशीच राहते आणि ‘देवळातली वटवाघळं गावात आली असतील’ ही शक्यताही शाबूत राहते. धक्का बसतो, इमारत पडत नाही.

चौथ्याने पडते. दोन जाती वेगळ्या म्हटल्या की दोन वह्यांचा संबंधच तुटतो. इथली बेरीज आणि तिथली वजाबाकी एकमेकींना पुरत नाहीत. देवळातली जात खरोखर कमी झालेली असू शकते, आणि तीही त्याच दिव्यांमुळे. उत्तर (4).

हा प्रश्न नुसता कुणा पेपर काढणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. असा एक खटला खरोखर उभा राहिला होता, युरोपात. लेसर हॉर्सशू नावाचं, नाकावर घोड्याच्या नालेसारखी चामडी असलेलं छोटं वटवाघूळ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पश्चिम युरोपातून झपाट्याने घटलं. स्वित्झर्लंडमध्ये कितीतरी खोऱ्यांतून ते पार गेलं. त्याच खोऱ्यांत पिपिस्ट्रेल मात्र वाढत होती, आणि ती रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मजेत शिकार करायची. राफाएल आर्लेटाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हाले प्रांतात दोघांच्या आहाराचा अभ्यास केला. दोघेही बारीक माश्या, पतंग अशा सारख्याच किड्यांवर जगतात असं दिसलं. 2000 साली त्यांनी निबंध छापला. मांडणी अशी : दिव्यांनी किडे ओढून घेतले, उजेडाला न भिणाऱ्या पिपिस्ट्रेलला फुकटचं ताट मिळालं, ती वाढली, उजेड टाळणाऱ्या हॉर्सशूच्या वाट्याचं खाणं घटलं.

ऐकायला पटतं ना? पण त्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘कारण असू शकेल’ एवढंच म्हटलंय, ‘कारण आहे’ असं नाही. ते शिष्टाचारापुरतं नव्हतं. दिवे वाढले त्याच दशकांत युरोपातली शेतं कीटकनाशकांनी न्हाऊन निघाली, माळ्यांवरच्या लाकडाला विषारी औषधं चोपडली गेली, जुनी घरं आणि कोठारं पाडली गेली, बांधावरची झुडपं उपटली गेली. हॉर्सशूच्या ऱ्हासाला यातलं काय किती कारणीभूत, हे नुसत्या काळाच्या जोडीवरून सांगता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढं फार तर म्हणता येतं. फांदी कावळ्यानेच मोडली म्हणायचं तर कावळ्याचं वजन आणि फांदीची ताकद, दोन्ही मोजावं लागतं.

ते मोजायचं कसं, याचा एक देखणा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या एमा स्टोन, गॅरेथ जोन्स आणि स्टीफन हॅरिस यांनी 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. लेसर हॉर्सशू रोज संध्याकाळी आपल्या राहत्या जागेतून निघून झुडपांच्या कुंपणाच्या कडेकडेने शिकारीच्या जागी जातं, रोज त्याच वाटेने. संशोधकांनी त्या वाटेवर सोडियमचे दिवे उभे केले. दिवे लागले की वाटेवरची ये-जा एकदम घटली, निघायलाही उशीर होऊ लागला, आणि सलग रात्री दिवे ठेवूनही ती सरावली नाहीत.

आता एक शंका घ्या, जी त्यांनीच आधी घेतली होती. शेतात दिवा लावायचा तर जनरेटर हवा, आणि जनरेटर धडधडतो. वटवाघळं तर कानांवर जगतात. मग ती उजेडाला बिचकली की आवाजाला? म्हणून त्यांनी काही रात्री सगळं सामान जागेवर ठेवलं, जनरेटर चालू ठेवला आणि दिवे मात्र बंद ठेवले. त्या रात्री वटवाघळं नेहमीसारखी गेली. दोष उजेडाचाच ठरला. तर्काच्या प्रश्नांत ‘पर्यायी कारण’ म्हणून जे शिकवतात ते नेमकं हेच. इथे त्यासाठी कुणीतरी शेतात रात्री डिझेल जाळलं एवढंच. पर्याय टिकमार्क करण्यापेक्षा हे कठीण, पण त्याच जातीचं काम.

तरीही या प्रयोगाने किती सिद्ध केलं ते बघा. उजेड पडला की हॉर्सशू वाट बदलते, एवढं. त्यामुळे तिची संख्या घटते का, हे पुढचं पाऊल आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. वाट बदलली तर जास्त लांबून जावं लागेल, पोटात कमी जाईल, पिल्लं अशक्त होतील, ही साखळी शक्य आहे. प्रत्येक कडी मात्र स्वतंत्रपणे तपासायची.

नेदरलँड्समध्ये कामील स्पूलस्त्रा आणि मंडळींनी आणखी खटपट केली. जंगलाच्या कडेला, आठ ठिकाणी, 2012 पासून पांढरे, हिरवे आणि लाल दिवे लावून ठेवले आणि प्रत्येक ठिकाणी एक ओळ मुद्दाम अंधारी ठेवली. 2017 मध्ये निकाल आला : पांढऱ्या आणि हिरव्या दिव्यांपाशी पिपिस्ट्रेलची ये-जा वाढली, उजेडाला बुजणाऱ्या, पानांजवळून संथ उडणाऱ्या जाती तिथून हटल्या, लाल दिव्याने दोघांनाही फारसा फरक पडला नाही. एकाच दिव्याखाली एका जातीचं भलं आणि दुसरीचं नुकसान. ‘दिव्यांमुळे वटवाघळं वाढतात की घटतात?’ असा प्रश्न विचारणं म्हणजे ‘पावसाने पिकाचं भलं होतं की वाटोळं?’ असं विचारण्यासारखं आहे. कोणतं पीक, कोणत्या आठवड्यात, ते आधी सांगा.

उजेडाने असा भेद का पडावा? बरंचसं उडण्याच्या तऱ्हेवर आहे. पिपिस्ट्रेल आणि मोकळ्या हवेत उडणाऱ्या इतर जाती वेगवान. दिव्याच्या झोतात शिरल्या, किडा उचलला, बाहेर पडल्या. हॉर्सशूचे पंख रुंद, उडणं संथ, झाडाझुडपांना धरून. तिच्यासाठी उजेड म्हणजे घुबडाच्या नजरेत येणं. वटवाघळं आंधळी नसतात हे इथे लक्षात ठेवायला हवं. त्यांना दिसतं, उजेडाची पारखही असते. रस्ता मात्र ती मुख्यतः आवाजाने काढतात. हे इटलीतल्या लाझ्झारो स्पाल्लान्झानीला 1790 च्या दशकात उमगलं होतं. डोळे निकामी केले तरी वटवाघूळ अडथळे चुकवतं, आणि स्विस डॉक्टर लुई ज्यूरीनने दाखवलं तसं, कान बुजवले तर आदळतं. एकेक कारण वगळत जायची ती पद्धत अस्सल होती, पण जो आवाज माणसाला ऐकूच येत नाही त्यावर विश्वास ठेवायला जग तयार नव्हतं. 1938 साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिनने यंत्राने तो आवाज पकडला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. बरोबर उत्तर पर्यायांत असूनही जवळजवळ दीडशे वर्षं कुणी खूण केली नाही.

आता तिसऱ्या पर्यायाकडे पुन्हा, कारण खऱ्या अभ्यासांत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो : मोजणीत. वटवाघळं मोजायचं आजचं साधन म्हणजे त्यांचा आवाज ऐकणारं यंत्र. समोरून एक वटवाघूळ गेलं की यंत्र एक फेरी नोंदवतं. दिव्याभोवती एकच पिपिस्ट्रेल घिरट्या घालत राहिली तर तासाभरात शंभर फेऱ्या लागतील. देवळातून निघून सरळ शेतात जाणाऱ्या शंभर वटवाघळांच्याही फेऱ्या शंभरच. आकडा सारखा, अर्थ अगदी निराळा. म्हणून शास्त्रीय निबंधांत ‘संख्या वाढली’ असं न लिहिता ‘वावर वाढला’ असं जपून लिहितात, आणि बातमीत येईपर्यंत ‘वावर’ गळून ‘संख्या’ होते.

त्यात जातीजातीच्या आवाजाचा फरक. लेसर हॉर्सशू साधारण 110 किलोहर्ट्झला ओरडते. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झच्या पुढे बधिर. इतका उंच आवाज हवेत लगेच विरतो, त्यामुळे काही मीटरच्या पलीकडची हॉर्सशू यंत्राला ऐकूच जात नाही; पिपिस्ट्रेल मात्र बरीच लांबून पकडली जाते. म्हणजे मोजणीचं यंत्रच एका जातीच्या बाजूला झुकलेलं. आणि ‘एक जात’ म्हणतो तीही एक असेलच असं नाही. युरोपातली कॉमन पिपिस्ट्रेल ही 1990 च्या दशकापर्यंत एकच जात समजली जायची. मग ध्यानात आलं की काहींचा आवाज 45 किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि काहींचा 55 च्या. त्या दोन स्वतंत्र जाती निघाल्या. त्याआधी छापलेल्या कित्येक आकडेवाऱ्यांत दोन खाती एकाच नावाने लिहिली गेली होती. आपल्या कल्पित सदस्याची चूक तज्ज्ञांनाही टळली नव्हती, एवढंच.

मग केनवडच्या खांबाखाली काय आहे? पहिला पाऊस पडून गेल्यावरची रात्र आठवा. दिवेलागण झाली की खांबाभोवती पाखरांचा ढग जमतो. पंखांच्या वाळव्या, हिरवे तुडतुडे, हुमणीचे भुंगेरे, लष्करी अळीचे पतंग. सकाळी खांबाच्या बुडाशी पंखांचा थर पडलेला असतो आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. ही पाखरं दिव्यावर ‘प्रेमाने’ येतात असं समजत होतो, पण 2024 मध्ये इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं की किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. आकाश वर असतं तोवर ही सवय त्यांना सरळ ठेवते, दिव्याजवळ तीच त्यांना गोल फिरवत ठेवते. ती दिव्यापाशी अडकतात. त्या अडकलेल्या गर्दीत एक छोटी पिपिस्ट्रेल शिरते, वजनाने रुपयाच्या नाण्याएवढी, आणि कोपऱ्यात वळून पुन्हा येते.

दिव्याने किडे ओढले जातात हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. सोयाबीन-तुरीच्या या पट्ट्यात कृषी विभाग वर्षानुवर्षं प्रकाश सापळे लावायला सांगतोय. फक्त इतकंच की रस्त्यावरचा दिवा हाही रात्रभर चालू असलेला सापळाच आहे, त्याच्या खाली पाण्याची परात नाही एवढाच फरक. (जाता जाता : सोयाबीन लहान दिवसाचं पीक आहे. रात्र पुरेशी अंधारी मिळाली नाही तर ते फुलायला आणि पिकायला उशीर करतं. अमेरिकेतल्या सोयाबीन पट्ट्यात रस्त्याच्या दिव्याखालचा तुकडा बाकीचं शेत वाळल्यावरही हिरवा राहिलेला दिसतो. खांबालगत शेत असणाऱ्यांनी यंदा बघावं.)

देशात गावोगावी पांढरे एलईडी आले ते गेल्या दहा वर्षांत. केंद्राची राष्ट्रीय पथदिवे योजना 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली आणि तिच्याखाली एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले; ग्रामपंचायतींनी आपापल्या निधीतून लावले ते वेगळेच. विजेची बचत खरी आहे, रात्री घरी परतणाऱ्या बाईला मिळालेला दिलासाही खरा आहे. दिव्यांवर राग धरण्याचं कारण नाही. पण याच दहा वर्षांत गावात आणखी काय काय झालं तेही त्याच पानावर लिहायला हवं. जुन्या देवळांचे जीर्णोद्धार झाले, गाभाऱ्याला जाळ्या लागल्या, फरशा आणि झुंबरं आली. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे वड-चिंचा गेल्या. तणनाशक आणि कीटकनाशकांच्या फवारण्या वाढल्या. 2020 मध्ये करोनाच्या धास्तीने देशात कितीतरी ठिकाणी वटवाघळांच्या झाडांवर फटाके फुटले. कायदाही त्यांच्या बाजूने नव्हता : 2022 ची सुधारणा होईपर्यंत फळखाऊ वटवाघळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, उंदरा-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून नोंदलेली होती. देवळातली वटवाघळं गेली याला यातलं कुठलंही एक कारण पुरेसं आहे. दिव्यावर आळ घेण्याआधी या प्रत्येकाची उलटतपासणी व्हायला हवी.

आपल्याकडे एक सोय मात्र अशी आहे की इंग्लंडच्या संशोधकांना हेवा वाटावा. तिकडे त्यांना दिवे उभे करून बंद-चालू करावे लागले. इथे ते काम महावितरण करतं. 2021 मध्ये पथदिव्यांच्या बिलांच्या थकबाकीपोटी राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींचा वीजपुरवठा तोडला गेला, सरपंचांनी आंदोलनं केली, बिल कुणी भरायचं यावर मुंबईपर्यंत वाद गेला आणि गावं काही दिवस अंधारात राहिली. शास्त्राच्या भाषेत हा आयता प्रयोग : तेच गाव, तेच देऊळ, तेच पीक, तोच महिना, फरक एकच, दिवा. त्या अंधाऱ्या दिवसांत कुणी देवळाच्या दारात बसून बाहेर पडणारी वटवाघळं मोजली असती, आणि पुन्हा जोडणी झाल्यावर मोजली असती, तर दिव्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो याचा थोडा तरी अंदाज आला असता.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. वटवाघळं राहतात त्या जागेला बाहेर पडायची वाट बहुधा एकच असते. सूर्य मावळल्यावर दोघांनी तिथे, बाहेर पडणारी वटवाघळं आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतील असं बसायचं, बाहेर पडणारं प्रत्येक मोजायचं, परत आत शिरणारं वजा करायचं. आत टॉर्च घेऊन शिरायचं नाही, पिल्लांच्या दिवसांत तर मुळीच नाही, आणि जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवायचं नाही. त्याच वेळी आणखी दोघांनी दिव्याखाली बसायचं, पण तिथे फेऱ्या मोजू नयेत. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसली तेवढंच लिहावं. आणि शेजारच्या एखाद्या गावात, जिथे दिवे नवे लागलेले नाहीत, तिथेही हेच. हे तिसरं ठिकाण सगळे विसरतात. ते नसेल तर पाऊस कमी झाला म्हणून वटवाघळं घटली की दिवे लागले म्हणून, हे कधीच कळणार नाही.

आपल्याकडच्या देवळातल्या जातीही युरोपातल्या हॉर्सशूसारख्याच वागतात, असं गृहीत धरणंही आपल्या सदस्याच्याच चुकीची पुनरावृत्ती होईल. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. एकट्या महाराष्ट्रात फळांवर जगणारी, बेडूक-उंदीर खाणारी, पाण्यावरून किडे टिपणारी, घराच्या पत्र्याखाली राहणारी अशी निरनिराळी मंडळी आहे. स्वित्झर्लंडचं उत्तर केनवडला लागू पडेल का, हाही एक तर्काचाच प्रश्न आहे आणि त्याला पर्याय छापून मिळत नाहीत.

रिसोड-मालेगाव भागात स्पर्धा परीक्षा देणारी मुलं पुष्कळ, आणि अभ्यासिकेतून घरी परतायची त्यांची वेळ नेमकी वटवाघळं बाहेर पडायची. तुमच्या ग्रामपंचायतीने पुढच्या टप्प्यातल्या दिव्यांचा ठराव घेतला असेल तर आधी त्या वाटेवरची चार संध्याकाळची मोजणी करून वहीत तारखेसह लिहून ठेवा. दिवे लागल्यानंतर सुरू केलेल्या मोजणीतून हा प्रश्न सुटत नाही.